लेसरद्वारे त्वचेचे नूतनीकरण : रुग्णांनी कोणत्या अपेक्षा ठेवाव्यात?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त त्वचारोग विभागातर्फे देण्यात आलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाचा मान यंदा त्वचारोग विभागाला दिल्याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावरून मधुमेह, क्षयरोग, हृदयविकार अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. त्या मानाने चेहऱ्यावरील खड्डे आणि डाग हा विषय काहींना हौसेचा वाटेल. परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा अनुभव निराळा आहे. लग्न ठरत नाही म्हणून आईबरोबर येणारी मुलगी, मुलाखतीला जाण्याचे टाळणारा तरुण, स्टोव्हच्या भडक्यात मान भाजल्यापासून पदर काढून न बसणारी गृहिणी, या साऱ्यांच्या हातात एखादी जाहिरात असते आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : लेसरने हे जाईल का?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. जे ते एका शब्दात देतात, त्यांच्यापासून सावध राहावे असे आम्ही सुचवू. आजच्या व्याख्यानाचा उद्देश हे उत्तर सविस्तर देणे हा आहे, म्हणजे उपचाराचा निर्णय घेताना रुग्णाच्या मनात योग्य ती अपेक्षा असेल.

चेहऱ्यावरील खुणांचे दुःख आपल्या समाजाला नवीन नाही. देवीच्या साथींनी अनेक पिढ्यांचे चेहरे वणांनी भरून टाकले. भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला. देवी गेली, तरी कांजिण्यांचे खड्डे, तारुण्यपीटिकांचे व्रण, अपघाताच्या आणि भाजल्याच्या खुणा राहिल्याच. त्यांवर उपाय म्हणून पूर्वी त्वचा घासून काढणे किंवा तीव्र आम्ल लावून तिचा वरचा थर सोलणे या पद्धती वापरत असत. लेसर ही त्याच विचाराची पुढची पायरी होय.

लेसर म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. अणूरेणूंना उत्तेजित करून त्यांच्याकडून एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा प्रखर प्रकाश मिळवता येईल, या कल्पनेचे सैद्धांतिक बीज आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या संशोधनात आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाचा स्फटिक वापरून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार झाला. त्याचे जनक डॉ. सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि त्यांचे अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्वचेच्या नूतनीकरणासाठी आज जे लेसर वापरले जातात, त्यांत या कार्बन डायऑक्साइड लेसरचे स्थान प्रमुख आहे.

या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते. तो किरण डोळ्यांना दिसत नाही. उपचाराच्या वेळी जो तांबडा ठिपका दिसतो, तो केवळ नेम धरण्यासाठी असतो. या किरणाची ऊर्जा पाणी शोषून घेते आणि आपल्या त्वचेत पाण्याचा अंश मोठा आहे. किरण पडताच त्या जागेतील पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तेवढी ऊती नाहीशी होते आणि भोवतालच्या ऊतीला उष्णता लागते. एर्बियम याग नावाचा दुसरा लेसर २,९४० नॅनोमीटरवर काम करतो. पाणी त्याला आणखी जोराने शोषते, म्हणून त्याची उष्णता आजूबाजूला कमी पसरते.

येथे एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने लक्षात घ्यावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. लेसर त्वचा बरी करीत नाही. लेसर मोजूनमापून, ठरावीक खोलीची जखम करतो आणि ती जखम भरून काढण्याचे काम त्वचा स्वतः करते. भरून काढताना ती नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा आणि आधार देणारे प्रथिन, तयार करते आणि त्यामुळे खड्डा उथळ होतो. साहजिकच, यंत्र कितीही महागडे असले तरी अंतिम फळ हे त्या व्यक्तीच्या त्वचेच्या जखम भरण्याच्या प्रकृतीवर, उन्हापासून घेतलेल्या काळजीवर आणि तिच्या धीरावर अवलंबून असते.

सुरुवातीच्या काळात, विशेषतः १९९० च्या दशकात, संपूर्ण चेहऱ्याचा वरचा थर एकाच वेळी काढण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. परिणाम ठळक असत. पण जखम भरण्यास एक ते दोन आठवडे लागत, लाली कित्येक महिने टिके आणि काहींच्या त्वचेचा रंग कायमचा फिकट होई. सावळ्या त्वचेला तर ही पद्धत फारशी मानवणारी नव्हती. २००४ साली डीटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग मांडला. संपूर्ण पृष्ठभाग न जाळता किरणाचे असंख्य सूक्ष्म स्तंभ करायचे आणि दोन स्तंभांमधली त्वचा शाबूत ठेवायची. शेतकरी बांधवांना सांगायचे झाल्यास, सारे शेत न नांगरता टोकण पद्धतीने ठरावीक अंतरावर खड्डे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. मधली निरोगी त्वचा जखमेला लवकर भरून काढते. यालाच फ्रॅक्शनल लेसर म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांसाठी हीच पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

आता हा उपचार कोणासाठी आहे, ते पाहू. पीटिकांचे आणि कांजिण्यांचे खड्डे, अपघाताचे व शस्त्रक्रियेचे व्रण, भाजल्यानंतरची जाड व ताठर त्वचा, उन्हाने आणि वयाने आलेल्या बारीक सुरकुत्या यांना त्याचा उपयोग होतो. परंतु सर्व खड्डे एका जातीचे नसतात. सुई टोचल्यासारखे अरुंद व खोल खड्डे लेसरला फारशी दाद देत नाहीत. त्यांत नेमके आम्ल भरण्याची पद्धत बहुधा अधिक उपयोगी पडते. लाटांसारख्या पसरट खोलगट व्रणांखाली त्वचेला खाली ओढून धरणारे तंतू असतात. ते सुईने आधी सोडवावे लागतात. कडा ठळक असलेल्या उथळ खड्ड्यांवर लेसर चांगले काम करतो. एकाच चेहऱ्यावर हे तिन्ही प्रकार आढळणे नेहमीचेच आहे. त्यामुळे ‘फक्त लेसर’ असा आग्रह रुग्णानेही धरू नये आणि डॉक्टरांनीही.

भाजलेल्या रुग्णांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. भाजल्यानंतरचा व्रण केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. तो आवळतो, खाजतो, मान वळू देत नाही, बोटे मिटू देत नाही. फ्रॅक्शनल लेसरने असा व्रण मऊ होण्यास आणि खाज व ताण कमी होण्यास मदत होते. सांधा पूर्णपणे आखडला असेल तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही. लेसर तिला पूरक ठरतो. मर्यादित साधनांच्या धर्मादाय विभागात यंत्राची वेळ कोणाला आधी द्यावी, असा प्रश्न जेव्हा येतो, तेव्हा आम्ही या रुग्णांना प्रथम क्रमांक देतो.

काहींना या उपचारापासून परावृत्त करणे हेही आमचे कर्तव्य आहे. गालावर वांग असलेल्या अनेक भगिनी लेसरची मागणी करतात. वांग हा रंगद्रव्याचा विकार आहे आणि उष्णतेने तो चिघळू शकतो. म्हणून प्रखर लेसर हा त्यावरील पहिला उपाय नव्हे. सावळा रंग उजळावा म्हणूनही कोणी हा उपचार करवून घेऊ नये. सावळेपणा हा रोग नाही आणि त्यावर औषध शोधण्याचे कारण नाही. चेहऱ्यावर पीटिका अद्याप फुललेल्या असतील तर आधी त्या आटोक्यात आणाव्या लागतात. ज्यांचे व्रण मूळ जखमेच्या सीमेबाहेर वाढतात, म्हणजे ज्यांना केलॉइडची प्रवृत्ती आहे, त्यांच्याबाबत फार विचार करावा लागतो. गर्भारपणात हा उपचार पुढे ढकलणे इष्ट. पीटिकांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ते अवश्य सांगावे. पूर्वी या गोळ्या थांबवल्यावर सरसकट सहा महिने थांबत असत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमती अहवालांनंतर फ्रॅक्शनल लेसरबाबत हे मत शिथिल झाले आहे. संपूर्ण थर काढणाऱ्या लेसरबाबत मात्र सावधगिरी कायम आहे.

आणखी एक माहिती रुग्ण अनेकदा लपवितात, ती म्हणजे औषधाच्या दुकानातून आपणहून आणलेली मलमे. गोरेपणाच्या आशेने महिनोन्महिने स्टिरॉइडयुक्त मलम लावल्याने त्वचा पातळ व लाल होते आणि किंचित उन्हानेही जळजळते. अशा त्वचेवर लेसर वापरणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची सवलत काढून घेऊन ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही शेजारणीने सुचवलेली मलमे घरोघरी आढळतात. म्हणून पहिल्या भेटीला येताना आपण चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब आणि डबी सोबत आणावी, अशी आमची विनंती आहे.

पहिल्या भेटीत आम्ही त्वचेचा प्रकार पाहतो. त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते, यावरून तिचे सहा प्रकार मानले जातात. हे वर्गीकरण डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत रंगद्रव्याच्या पेशी अधिक तत्पर असतात. उन्हापासून त्या आपले रक्षण करतात. पण जखम होताच अधिक रंगद्रव्य सोडून तेथे काळा डाग पाडतात. लेसरनंतर आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच आहे. डाग साधारणतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतो आणि बहुधा काही महिन्यांत फिका होतो. पण खड्डा घालवायला आलेल्या रुग्णाला आधी डाग पाहावा लागला, तर त्याचा धीर सुटतो. म्हणून ही शक्यता आम्ही आधीच सांगतो, कमी तीव्रतेपासून सुरुवात करतो आणि शंका असल्यास कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागी चाचणी घेऊन चार आठवडे थांबतो.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी काय घडते, हे ठाऊक असले की भीती कमी होते. चेहरा स्वच्छ करून बधिरतेचे मलम लावतात आणि ते मुरण्यासाठी पाऊण ते एक तास थांबतात. हे मलम घरून स्वतः जास्त प्रमाणात लावून येऊ नये. मोठ्या भागावर ते अंगात शोषले जाऊन अपाय करू शकते. पूर्वी ओठांवर वरचेवर नागीणसदृश फोड येत असतील तर विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. डोळ्यांवर संरक्षक ढाली बसवितात. किरण पडताना रबराची बारीक पट्टी तापवून टिचकी मारल्यासारखे वाटते. ‘टकटक’ असा आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. त्याने घाबरून जाऊ नये. संपूर्ण चेहऱ्यास सामान्यतः अर्धा तास पुरतो. नंतरचे काही तास चेहरा उन्हाने भाजल्यासारखा आगतो. थंड, ओलसर कापडाने आराम पडतो.

पहिले दोन-तीन दिवस लाली आणि सूज असते. डोळ्यांखाली ती अधिक दिसते आणि सकाळी आरशात पाहून रुग्ण हबकतात. तिसऱ्या दिवसापासून त्वचेवर कॉफीच्या पुडीसारखे बारीक तपकिरी ठिपके दिसतात, चेहरा खरखरीत लागतो, आणि साधारण पाच ते सात दिवसांत ही खपली आपोआप गळते. ती नखाने काढू नये. काढल्यास तेथे नवा वण राहण्याचा धोका असतो. चेहरा स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवावा, टिपून कोरडा करावा आणि सांगितलेले साधे पेट्रोलियम जेलीसारखे मलम लावावे. हळद, लिंबू, बेसन, चंदन, तुरटी, आफ्टरशेव्ह यांपैकी काहीही जखम भरेपर्यंत लावू नये. आपल्या आजीच्या बटव्याचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु हा बटवा उघड्या जखमेसाठी नाही. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग हे सारे काही आठवडे बंद ठेवावे.

वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, पू दिसला, द्राक्षाच्या घोसासारखे बारीक फोड उठले, ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. जंतुसंसर्ग वेळीच ओळखला तर आटोक्यात येतो. उशीर झाला तर व्रण मागे ठेवून जातो.

उन्हापासूनचे संरक्षण हा या उपचाराचा अर्धा भाग आहे, असे आम्ही मानतो. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन पुरेशा प्रमाणात लावावे, दर दोन ते तीन तासांनी पुन्हा लावावे, आणि त्याच्या जोडीला छत्री, टोपी, ओढणी किंवा पदर वापरावा. चूल, भट्टी, तवा यांच्या सततच्या धगीपासूनही सुरुवातीचे आठवडे जपावे.

येथेच आमच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. सनस्क्रीन आणि आठवड्याची विश्रांती सर्वांनाच परवडते असे नाही. ऊस तोडणारा मजूर, रिक्षाचालक, रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई यांना ‘ऊन टाळा’ असे सांगणे सोपे आहे. ते पाळणे त्यांच्या हाती नसते. आठ दिवस घरी बसणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणे. अशा रुग्णाला घाईने यंत्राखाली झोपवले, तर खड्ड्यांच्या जागी काळे डाग घेऊन तो परत जाईल. म्हणून आम्ही त्याच्या कामाचे स्वरूप, घरची अडचण आणि हंगाम विचारतो. वैशाखातील कडक उन्हात आणि ऑक्टोबरच्या तडाख्यात उपचार सुरू करणे शक्यतो टाळतो. काहींना सौम्य मलमे व अन्य पद्धती पुरेशा असतात, तर काहींना कामाची पाळी बदलेपर्यंत थांबण्यास सांगावे लागते. हे थांबवणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे, हे नातेवाइकांनी समजून घ्यावे.

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न : फायदा किती आणि केव्हा? लाली ओसरल्यावर सुजेमुळे खड्डे भरल्यासारखे दिसतात आणि रुग्ण आनंदतात. दोन आठवड्यांनी सूज उतरते, खड्डे पुन्हा दिसतात आणि तेच रुग्ण निराश होतात. वास्तविक दोन्ही भावना अकाली असतात. कोलॅजन तयार होण्याचे काम तीन ते सहा महिने चालू राहते. खरा हिशेब त्यानंतरच करावा. खड्ड्यांसाठी साधारणतः तीन ते पाच बैठका लागतात आणि दोन बैठकांत चार ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. म्हणजे एकूण प्रवास जवळजवळ वर्षाचा आहे. खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा बोथट होतात, प्रकाशात पडणाऱ्या सावल्या कमी होतात. पण ते संपूर्ण पुसले जात नाहीत. निम्म्याच्या आसपास सुधारणा झाली तरी वैद्यकीय दृष्टीने ती चांगली गणली जाते. लग्नाची तारीख ठरली असेल, तर शेवटची बैठक आणि हळदीचा दिवस यांत पुरेसे महिने असावेत. लग्नसराईच्या तोंडावर येऊन ‘पंधरा दिवसांत काही करा’ म्हणणाऱ्या पालकांना आम्ही नम्रपणे नकार देतो.

खर्चाविषयीही स्पष्टता हवी. एका बैठकीचा दर ऐकून निर्णय न घेता एकूण बैठका, औषधे, सनस्क्रीन आणि बुडणारी मजुरी यांचा एकत्रित हिशेब करावा. आरोग्यविम्यात केवळ रूप बदलण्यासाठी केलेले उपचार सहसा समाविष्ट नसतात. तथापि, अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्या वगळणुकीतून अपवाद ठेवलेला आहे, असे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. भाजलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी आपल्या पॉलिसीतील हे कलम अवश्य वाचून घ्यावे.

उपचार कोठेही घ्या, काही प्रश्न विचारण्यास संकोच करू नका. यंत्र चालविणारी व्यक्ती प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्लास्टिक सर्जन आहे काय? माझ्या व्रणांचा प्रकार कोणता आणि त्यावर लेसरच का? काळा डाग पडल्यास पुढे काय करणार? उपचारापूर्वीचे छायाचित्र घेतले जाईल काय, आणि ते नंतरच्या छायाचित्रासारख्याच प्रकाशात असेल काय? संमतिपत्र मला कळेल अशा भाषेत आहे काय? या प्रश्नांनी ज्या डॉक्टरांना राग येतो, त्यांच्याकडे चेहरा सोपवू नये.

बंधुभगिनींनो, उपचारांनी खड्डे थोडे भरतात, व्रण मऊ होतात, आणि कित्येकदा एवढ्यानेही माणूस मान वर करून चालू लागतो. मान न वळणारी गृहिणी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहू शकते, हे आम्ही अनुभवतो. परंतु जो बदल यंत्र घडवू शकत नाही, तो आपणा सर्वांच्या हाती आहे. चेहऱ्यावरील वणांवरून मुलीचे स्थळ नाकारणे, नोकरीच्या मुलाखतीत गुणांआधी गाल पाहणे, भाजलेल्या व्यक्तीकडे बसमध्ये टक लावून पाहणे, हे थांबले तर आमच्या विभागापुढील रांग निश्चितच लहान होईल, आणि जे येतील ते खऱ्या गरजेने येतील.

भाजलेल्या आणि निर्धन रुग्णांचे उपचार ज्या देणगीदारांच्या औदार्यामुळे शक्य होतात, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.